मोडीच्या तराजूआधी : नागपुरात जुन्या वस्तूंचा संग्रह सुरू करताना

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात इतवारीतील भांड्यांच्या एखाद्या दुकानात तासभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहायला मिळते. जुने घर रिकामे करणारे कुटुंब आजीचा पाणी भरायचा गुंड, दोन गंज आणि एक कोपर ऑटोतून उतरवते, दुकानदार ती भांडी तराजूवर चढवतो, घट वजा करून मोडीचा भाव सांगतो आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून मंडळी कुकर घेऊन परत जातात. गुंडाच्या गळ्याखाली कोणीतरी छिन्नीने घातलेले नाव, लग्नाचे साल आणि गाव या व्यवहारात हिशेबात धरले जात नाही. त्या तराजूपर्यंत पोहोचण्याआधी वस्तू ओळखणे, योग्य त्या वस्तूला घरात जागा देणे आणि तिच्यासोबत तिची हकिकतही उतरवून घेणे, एवढेच संग्राहकाचे काम असते. हा लेख ते काम नव्याने सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना गुंतवणूक म्हणून जुन्या वस्तू घ्यायच्या आहेत, त्यांनी सरळ बँकेत जावे, कारण घाईने घेतलेली जुनी वस्तू विकायला निघालात की गिऱ्हाईक मिळेलच याचा भरवसा नसतो.

आधी सहा महिने फक्त पाहावे

पहिली पायरी खरेदीची नाही. सहा महिने एक रुपयाही खर्च न करता डोळा तयार करावा आणि त्यासाठी नागपूरकराला लांब जाण्याची गरज नाही. सिव्हिल लाईन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ मध्ये सुरू झाला. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकारातून तो उभा राहिला. बहुतेकांनी तो शाळेच्या सहलीत, पेंढा भरलेले प्राणी पाहण्यापुरता पाहिलेला असतो. आता मोठेपणी पुन्हा जावे आणि सगळी दालने एका फेरीत पाहण्याचा मोह टाळावा. एका भेटीत एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर अर्धा तास थांबावे आणि वहीत तिचे वेडेवाकडे का होईना, पण चित्र काढावे. चित्र काढताना हात अडतो तेथे आपण वस्तू नीट पाहिलेली नव्हती, हे कळते. ही कशाची केली आहे, ओतलेली आहे की ठोकलेली, कोणत्या ठिकाणी झिजली आहे, कोठे दुरुस्त केली आहे, हे चार प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय तेथे लागली, तर पुढे दुकानात तीच उपयोगी पडते.

१८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकत्र सापडले. या साठ्याचा काही भाग नागपूरच्या संग्रहालयात आला आणि काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. हजारो वर्षे जमिनीत राहिलेल्या तांब्याचा रंग कसा होतो, हे एकदा अशा वस्तूंवर पाहून ठेवले, की तेजाबाने आठ दिवसांत हिरवे केलेले तांबे 'पुरातन' म्हणून गळ्यात मारणाऱ्याची गंमत वाटू लागते.

एकच विषय धरावा

सर्व काही जमवणाऱ्याच्या घराचे दोन वर्षांत गोदाम होते. म्हणून सहा महिन्यांच्या अखेरीस एक विषय निश्चित करावा, आणि तो आपल्या परिसरात सहज मिळणारा असावा, म्हणजे तुलना करायला पुष्कळ नमुने पाहता येतात. आपल्याकडे पितळी व कांस्य भांडी हा सर्वांत सोपा विषय आहे, कारण भंडारा हे पितळेच्या कामासाठी ओळखले जाणारे गाव हाकेच्या अंतरावर आहे आणि विदर्भातील जुन्या घरांत अजून माळ्यावर भांडी आहेत. दुसरा विषय तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी हा होय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल सजवून मिरवण्याची ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे मानले जाते, आणि महालातील काही घरांत तीन-तीन पिढ्यांनी ओढलेले नंदी आहेत. याशिवाय जुनी छापील देवदेवतांची चित्रे, नाणी, अडकित्ते आणि पानदाने, मोडी कागदपत्रे हेही विषय आहेत. मोडी कागद मोडीत गेल्याचे मी या शहरात इतक्या वेळा पाहिले आहे, की त्या कोटीवर आता हसू येत नाही. ज्यांना त्यांची ओढ असेल त्यांनी आधी लिपी शिकावी आणि विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेतील जाणत्यांशी ओळख करून घ्यावी; वाचता न येणारा कागद जमवण्यात अर्थ नाही.

नाण्यांबद्दल थोडक्यात एक इशारा देतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलातील नाण्यांवर भोसल्यांचे नाव शोधत बसू नये. १८०३ पर्यंत ओडिशा त्यांच्या ताब्यात होता आणि कटकच्या टांकसाळीतील त्यांचा रुपया मोगल बादशहा अहमदशाह बहादुर याच्या नावाने पडत असे. त्यामुळे नवखा माणूस तो मोगल नाणे म्हणून बाजूला ठेवतो आणि विक्रेता मात्र त्याला ओळखून असतो. नाणे घासून चकचकीत करू नये, तसे केले की त्याची किंमत लगेच उतरते.

भांडे हातात घेतल्यावर

भांडे प्रथम उन्हात न्यावे. दुकानातील दिव्याखाली जुने आणि जुने केलेले यांतील फरक लपतो. मग ते उलटे करावे, कारण भांड्याचे खरे वय बुडाशी असते. पन्नास-साठ वर्षे चुलीच्या ओट्यावर आणि फरशीवर सरकवलेल्या गुंडाचे बूड एका कडेला जास्त झिजलेले असते, आणि बाईमाणूस ज्या बाजूने तो कंबरेवर घेत असे, त्या बाजूचा पोटाचा भाग गुळगुळीत होऊन थोडा चेपलेला असतो. बनावट जुनेपणात झीज सगळीकडे सारखी असते. हे एकच लक्षण लक्षात ठेवले तरी अर्धी फसवणूक टळते.

त्यानंतर आत पाहावे. ठोक्याचे भांडे दोन किंवा तीन भाग जोडून केलेले असते आणि सांध्याची दातेरी रेघ आतून बोटाला लागते. ओतीव भांडे जाड व जड असते. यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्याच्या अंगावर मात्र बारीक, एकसारख्या वर्तुळाकार रेघा दिसतात. यंत्राचे भांडे वाईट असते असे नव्हे, पण ते हातठोक्याच्या किमतीला घेऊ नये. आत कल्हईचा पांढरा अंश उरला असेल तर ते स्वयंपाकात वापरलेले आहे, एवढे कळते. जुना डाख, म्हणजे झाळून केलेला जोड, दिसला तर भाव पाडून मागू नये, उलट तो नीट पाहावा. ज्या घराने गळका गुंड टाकून न देता दुरुस्त करून वापरला, त्या घराची ती खूण आहे. पितळ आणि कांसे यांतील फरकही येथेच शिकावा. पितळात तांब्यासोबत जस्त असते, तर कांशात कथील असते, आणि कांशाच्या थाळीला बोटाच्या पेराने टिचकी मारली की नाद बराच वेळ टिकतो. मात्र तडा गेलेली थाळी बद्द वाजते, म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रत्येक कांस्यपात्र वाजवून घ्यावे.

कोरलेले नाव सर्वांत शेवटी वाचावे, कारण ते आधी वाचले की मन त्या वस्तूकडे झुकते आणि परीक्षा राहून जाते. छिन्नीने ठोकून घातलेल्या अक्षरांच्या कडा राखेने आणि मातीने घासून घासून बोथट झालेल्या असतात, तर विजेच्या यंत्राने कोरलेल्या अक्षराची रेघ थरथरती आणि सर्वत्र एकाच खोलीची असते. साल शक असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढता येतो, अर्थात वर्षअखेरीचा एक वर्षाचा फरक सोडून.

आता एक कबुली. संग्रहाच्या पहिल्या वर्षी मी महालातील एका विक्रेत्याकडून पितळी पानदान घेतले, घरी येताच चिंच आणि मीठ लावून ते सोन्यासारखे लख्ख केले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो झाकणावरील मोराच्या पिसाऱ्याच्या बारीक रेघा जवळजवळ निघून गेलेल्या. त्या रेघांत बसलेला काळसरपणा हीच त्या नक्षीची शाई होती. तेव्हापासून मी धातूची वस्तू फक्त मऊ कोरड्या कापडाने आणि मऊ ब्रशाने पुसतो, आणि फारच मळलेली असेल तर साध्या पाण्याने धुऊन लगेच पूर्ण कोरडी करतो. तांब्या-कांशावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीगत पूड दिसली तर मात्र तो मळ नसून धातूचा रोग आहे, आणि अशी वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावी.

लाकडी नंदीची परीक्षा याहून वेगळी नाही. अखंड ओंडक्यातून कोरलेला नंदी असेल तर लाकडाच्या रेषा मानेपासून पाठीपर्यंत सलग जातात. दोरी बांधण्याच्या जागी, म्हणजे मानेखाली, खोलगट झीज असावी. चाकांच्या कण्यापाशी लाकूड काळे पडलेले असावे, आणि रंगाचे थर दरवर्षीच्या पोळ्याचे असल्यामुळे टवका उडालेल्या जागी एकाखाली एक वेगवेगळे रंग दिसावेत. बुटांचे पॉलिश, चहाचे पाणी आणि धूर यांनी 'जुना' केलेला नंदी नाकाला ओळखू येतो. किड्याची छिद्रे असली तर वस्तू रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवावी. सकाळी ताजा भुसा पडलेला दिसला तर कीड जिवंत आहे आणि ती तुमच्या कपाटापर्यंत जाणार आहे.

छापील चित्रे आणि दहापट भिंग

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घराघरांतील देवघरांवर लागली. अशी चित्रे आजही जुन्या लाकडी चौकटींत मिळतात, पण त्यांच्या नव्या नकला त्याहून जास्त मिळतात. ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग घ्यावे. ते इतवारीच्या सराफा बाजारात विचारल्यास मिळते. देवीच्या गालावर भिंग धरावे. दगडी छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असे, त्यामुळे गालाचा गुलाबी रंग लहानमोठ्या, बेशिस्त ठिपक्यांनी बनलेला दिसतो आणि एखादा रंग रेषेबाहेर किंचित सरकलेला असतो. नव्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके रांगेने, जाळीसारखे आणि फुलासारख्या गोलाकार रचनेत बसलेले दिसतात. एकदा हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही. मी हे न पाहता एक चित्र चौकटीच्या जुनेपणावर भाळून घेतले होते. चौकट खरोखर जुनी होती, चित्र तिच्यात नंतर घातलेले निघाले. काही जुन्या चित्रांवर घरच्या बायकांनी जरी, टिकल्या आणि रेशमी कापड चिकटवून देवीला खरी साडी नेसवलेली असते. काही संग्राहक त्याला विद्रूप करणे म्हणतात. माझ्या मते मूळ चित्रापेक्षा अशी प्रत घ्यावी, कारण तिच्यासारखी दुसरी नसते.

हाताने काढलेल्या मूळ चित्रांचे जग वेगळे आहे आणि नवख्याने त्यात गाजलेल्या नावांच्या मागे लागू नये. सय्यद हैदर रझा हे १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले, त्यामुळे 'रझांचे नागपूरच्या काळातील काम' असे सांगून कोणी काही दाखवले तर नागपूरकराचा ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. त्या वेळी २००९ मधील प्रसंग आठवावा, जेव्हा दिल्लीतील एका प्रदर्शनात आपल्या नावाने लावलेली कामे पाहून स्वतः रझांनीच ती आपली नसल्याचे सांगितले. त्यापेक्षा शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन आणि दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातील प्रदर्शने नियमित पाहावीत आणि हयात चित्रकाराकडून थेट घ्यावे. छापचित्र घेत असाल तर खाली पेन्सिलीने लिहिलेला ३/२० यासारखा आकडा पाहावा; त्याचा अर्थ वीस प्रतींपैकी ही तिसरी. चित्रकाराकडून सहीची पावती मागण्यात संकोच करू नये, चांगला चित्रकार ती आनंदाने देतो.

कायदा : हे न वाचता खरेदी करू नये

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते; शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्याच्या दृष्टीने मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षे आहे. अशा वस्तू बाळगण्यास बंदी नाही, परंतु दगडी, धातूची, मातीची व लाकडी शिल्पे, जुनी रंगचित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह नोंद करावी लागते. चौकशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाच्या कार्यालयात करता येते. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून शंभर वर्षांपूर्वीची म्हणून वस्तू विकणाऱ्याकडे परवाना मागावा. पुष्कळदा त्या क्षणी वस्तूचे वय पन्नास वर्षांनी कमी होते. पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतील मुलाला आजोबांची समई पाठवायची असेल आणि तिच्या वयाविषयी शंका असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे.

जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा कायदा लागू होतो आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. रामटेक-मनसरच्या बाजूला शेतात मूर्तीचा तुकडा किंवा गावाबाहेर वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, दिसला तर तो तेथेच राहू द्यावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. देवळातून आलेली असावी अशी शंका येणारी मूर्ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. विदर्भातील जुन्या घरांत वाघाचे कातडे, शिंगे आणि हस्तिदंती वस्तू हमखास निघतात. वन्यजीव कायद्यामुळे त्या विकत घेणे हा गुन्हा आहे, मग विकणारा मामाच का असेना. तलवारींना शस्त्र कायदा आहे, त्यामुळे त्या वाटेला जाण्यापूर्वी पोलिसांकडे विचारणा करावी.

भाव

भांड्याच्या बाबतीत त्या दिवशीचा मोडीचा भाव माहीत असणे पुरेसे आहे. वजनाने येणारी रक्कम ही तळाची किंमत समजावी, आणि त्याहून दुप्पट-तिप्पट द्यायची असेल तर नाव, घाट किंवा नक्षी यांपैकी काहीतरी त्या जादा पैशांचे कारण असावे. पहिल्याच भेटीत घेऊ नये. चार दिवसांनीही ती वस्तू डोळ्यांपुढून हलत नसेल तर परत जावे. दरम्यान विकली गेली तर हळहळ वाटते, पण ती स्वस्त पडते. नातेवाइकांकडून मोफत मिळालेल्या वस्तूलाही काहीतरी किंमत द्यावी असे मी सुचवेन, नाहीतर दहा वर्षांनी 'आमचा गुंड तुमच्याकडे आहे' हे वाक्य लग्नकार्यात ऐकावे लागते.

नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा कोरडा मे आणि त्यामागोमाग येणारा ओला जुलै यांत लाकूड आकसते व फुगते, आणि रंगाचा थर सुटतो. परंतु आपल्या शहरात याहूनही मोठा शत्रू खिडकीत बसलेला असतो. कूलरचा ओला झोत ज्या भिंतीवर येतो, त्या भिंतीवर चित्र कधीही लावू नये. एका उन्हाळ्यात काचेच्या आत तपकिरी डाग धरतात. चित्र आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवावे, मागील बाजूस आम्लरहित कागद लावून घ्यावा, आणि भिंतीपासून चौकट बोटभर पुढे राहील अशी व्यवस्था करावी. कागदाला सेलोटेप लावू नये व तो लॅमिनेट तर मुळीच करू नये. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात चिकट हिरवी होतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून कसर आणि वाळवीचा माग पाहावा.

नोंदवही

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये देऊन ती परत आणली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे. ती कोणाची हे ठामपणे सांगता आले, कारण पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा असे लिहिलेले आहे. त्या एका ओळीशिवाय ती शेकडो फिरंगांपैकी, म्हणजे युरोपीय पात्याच्या तलवारींपैकी, एक ठरली असती. आपल्या वस्तूंवर बहुधा अशी ओळ नसते, म्हणून ती आपण वहीत लिहून ठेवायची.

वस्तू घरी आली त्याच रात्री नोंद करावी, कारण विकणाऱ्याने सहज सांगितलेले गाव आठवड्यात विसरले जाते. क्रमांक वस्तूवर रंगाने किंवा चिकटपट्टीने न घालता सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी, आणि उंची, व्यास, वजन मोजून चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. माझ्या वहीतील एक नोंद नमुना म्हणून देतो.

'क्रमांक १४. पितळी गुंड, ठोक्याचा, दोन भागांत, सांधा पोटावर. उंची ३१ सें.मी., वजन २ किलो ८५० ग्रॅम. बुडाशी एक डाख. गळ्याखाली छिन्नीने "गंगाबाई, शके १८५२", म्हणजे सुमारे १९३०. डाव्या अंगाला चेप. इतवारीत मोडीला आलेल्या कुटुंबाकडून तराजूवर चढण्यापूर्वी घेतला. विकणाऱ्या बाईंच्या सांगण्यानुसार आजेसासूबाईंचा, उमरेडजवळच्या गावचा. विहीर लांब असल्याने त्या रोज तीन खेपा करीत. उजव्या हातात कळशी असे, म्हणून गुंड डाव्या कंबरेवर.'